पावसाची तूट

विंगेत माझी जागा ठरलेली. एक स्टूल, मांडीवर वही, वहीवर लोंबता बल्ब. हंगामाच्या सुरुवातीला शिवारात धान उभं असतं, तेव्हा तुडतुडे त्या बल्बावर तुटून पडतात. अनुस्वार कुठला आणि किडा कुठला, ते फुंकर मारून बघायचं. प्रॉम्प्टरनं अख्खं वाक्य द्यायचं नसतं. पहिले दोन शब्द, तेही नटानं श्वास घेतला की. आधी दिले तर तो गडबडतो, उशिरा दिले तर पुढच्या रांगेतली पोरं ओरडतात. झाडीपट्टीतला नट आज एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरंच, असा होळीपर्यंत फिरतो. त्याची निम्मी आठवण माझ्या घशात असते.

वडशाला, म्हणजे कागदावरच्या देसाईगंजला, नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. झाडीपट्टीतल्या, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावांची मंडळं तिथे येतात, नाटक पसंत करतात, इसार देऊन तारीख बांधतात. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर रात्री नाटक हवंच. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो. खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसायचं वेगळं. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, मंडपाबाहेर एखादी सोयरीकही जुळते. पैसे उरले तर देवळाचा ओटा होतो.

अशा मुलखात कला 'पोहोचवायला' कोणी आलं की मला हसू येतं. गुरनोलीचे झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाहेरच्यांना हे नाव कळलं. इथल्यांनी त्यांच्यासाठी किती रात्री जागवल्या होत्या, कोण मोजतो.

एकदा एका संस्थेनं पैसे भरून आमचा प्रयोग गावाला फुकट दाखवला. हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्या अंकात निम्मा मंडप रिकामा. उठून गेलेल्या एका म्हाताऱ्याला नंतर विचारलं तर म्हणाला, "तिकीट नाही घेतली ना भाऊ, मंग मंदात उठलो तं काय झालं?" तिकीट काढलेला माणूस नाटक पडलं तरी पहाटेपर्यंत बसतो आणि सकाळी कंपनीच्या मालकाला गाठून शिव्या घालतो. मला तो प्रेक्षक हवा.

मग पैसा लागत नाही का? लागतो, पण भलत्याच ठिकाणी. शाळेच्या एका खोलीत नट्या कपडे बदलतात, दाराला कडी नसते. संडासाचं तर बोलूच नये. लोककलेच्या पथकांसाठी सरकारी अनुदान असतं. पण नाटक अंगावर घेणारं मंडळ म्हणजे गावातली दहा-बारा पोरं, ती कुठल्या यादीत बसणार?

एका जानेवारीत अवकाळी पाऊस आला. पहिल्या अंकातच कनात खाली बसली, ऑर्गनवर आम्ही ताडपत्री टाकली, बांधीत घोटाभर चिखल. लोक तिकिटाचे पैसे मागायला लागले. पोरांनी परतही दिले. कंपनीचा ठरलेला आकडा, मंडप, लाउडस्पीकर, जनरेटर, सगळं अंगावर. एकानं घरचं धान विकलं. पुढची दोन वर्षं त्या गावात नाटक झालं नाही, आणि गावाला नाटक आवडेनासं झालं असं काही नव्हतं.

कुणाला खरंच पैसे घालायचे असतील तर ते अशा रात्रीसाठी बाजूला ठेवावेत. तिकीट गाव काढेल. पावसाची तूट तेवढी कुणीतरी उचलावी.

तिसऱ्या वर्षी तीच पोरं वडशात दिसली. मालक उरलेल्या बाकीचा विषय काढेना आणि पोरंही काढेनात. चहा दोनदा झाला. शेवटी मालकानं डायरी उघडली आणि विचारलं, "तारीख कोणती?"

"पटाच्या दिवशीची," एक जण म्हणाला. "पण औंदा मंडप शाळेच्या पटांगणात टाकू. तेथं पाणी नाही थांबत."