टाचणी

शनिवारी सकाळी आईचा फोन. "अरे, नेट गेलंय. बाबांनी राउटरला टाचणी खुपसली."

झालं! चूक माझीच. गेल्या महिन्यात मीटिंगच्या घाईत बाबांना "रिसेट करा" म्हणालो होतो. म्हणायचं होतं, बंद करून चालू करा. बाबांनी शब्द पाळला, मागचं RESET लिहिलेलं बारीक भोक शोधलं आणि टाचणी घालून दहा सेकंद दाबलं. यात वायफायचा पासवर्ड तर जातोच, पण पीपीपीओईचं युजरनेमही पुसलं जातं. फर्मवेअर मात्र अपडेट केलेलंच राहतं, ते काही जुनं होत नाही.

तशी टाचणी वाईट नाही हं. २०१८ साली व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने पाच लाखांवर राउटर पोखरले, तेव्हा नुसतं बंद-चालू करून ते मुळासकट जात नव्हतं, फॅक्टरी रिसेटच लागायचं.

पण आता युजरनेम आणायचं कुठून? केबलवाला फोन उचलेना. तेवढ्यात बाबा लाईनवर आले. लाईटबिलांच्या वहीत त्यांनी सगळं लिहून ठेवलेलं. मग १९२.१६८.१.१ उघडून एकेक अक्षर.

"बाबा, एस कॅपिटल की स्मॉल?"

"कॅपिटल. आणि तूच हसला होतास ना, पासवर्ड कुणी वहीत लिहितं का म्हणून?"