‘अजून नाही’ला मी ‘नाहीच’ समजलो

लिनक्स कर्नल सुरू होताना शेकडो ड्रायव्हर आपापलं उपकरण ताब्यात घेत असतात. टचस्क्रीनला वीज हवी असते आणि ती रेग्युलेटर देतो. रेग्युलेटर पॉवर मॅनेजमेंट चिपमध्ये असतो. त्या चिपशी बोलायला आय-टू-सी बस लागते आणि बसला स्वतःचं क्लॉक लागतं. कोण कोणावर अवलंबून आहे हे कर्नलपासून लपलं तर काय होतं, ते मी माझ्याच कोडमुळे शिकलो. एम्बेडेड क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्या चुका इथे क्रमाने सांगतो.

काम एका शीतगृहाच्या नियंत्रण पॅनेलचं होतं. आर्म प्रोसेसरचा बोर्ड, 5.4 कर्नल, आणि टच कंट्रोलरचा ड्रायव्हर माझ्याकडे. बूट लॉगमध्ये माझ्या ड्रायव्हरचीच एक ओळ दिसायची: रेग्युलेटर मिळाला नाही, एरर उणे 517. या कोडचं नाव ईप्रोब_डिफर. तो फक्त कर्नलच्या आतल्या वापरासाठी आहे. ग्रँट लाइकली यांनी केलेली ही सोय 2012 मध्ये 3.4 आवृत्तीत आली. ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनने, म्हणजे उपकरण ताब्यात घेणाऱ्या फंक्शनने, हा कोड परत केला, तर मला लागणारी गोष्ट अजून तयार नाही, मला नंतर बोलवा, असा त्याचा अर्थ होतो. कर्नल ते उपकरण प्रतीक्षा यादीत टाकतो आणि दुसरं एखादं उपकरण यशस्वीपणे सुरू झालं की यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. म्हणजे माझा टचस्क्रीन थोड्या वेळाने आपोआप सुरू होतच होता. लॉगमध्ये थोडं पुढे ते यशही नोंदलेलं होतं. मी एररच्या ओळीवरच थांबलो.

तिला दोष समजून मी कोड बदलला. रेग्युलेटर मिळाला नाही तर एरर सोडून द्यायची आणि पुढे जायचं. ती ओळ लॉगमधून गेली, टच चालला आणि मी बदल पाठवून दिला.

टच चालला तो बूटलोडरमुळे. त्याने ती वीज आधीच चालू करून ठेवली होती. पण बूट झाल्यावर साधारण 30 सेकंदांनी, ज्या रेग्युलेटरवर कोणीच हक्क सांगितलेला नाही ते कर्नल बंद करतो. माझ्या ड्रायव्हरने हक्क सांगितलाच नव्हता. मी टेबलावर बोर्ड चालू करायचो, चार बटणं दाबून बघायचो आणि वीज काढायचो. शीतगृहातल्या ऑपरेटरने फोनवर अचूक लक्षण सांगितलं होतं: “साहेब, चालू केल्यावर थोडा वेळ चालतं, मग हात लावला तरी काही होत नाही.” मी दमट हवेला दोष दिला आणि पॅनेल बदलून पाठवलं. तेही तसंच बंद पडलं. ज्याने दोष नेमका सांगितला त्याचं मी ऐकलं नाही, आणि तोपर्यंत त्या माणसाला तापमान बदलता येत नव्हतं. याची खंत मला कोडमधल्या चुकीपेक्षा जास्त आहे.

कारण कळल्यावर मी एरर तपासणं परत आणलं, पण दुसरी चूक जोडून. अंगभूत ड्रायव्हर सुरू होण्याचे कर्नलमध्ये टप्पे असतात. त्यांना इनिटकॉल म्हणतात: कोअर, आर्क, सबसिस, एफएस, डिव्हाइस, लेट असे एकामागून एक. एकाच टप्प्यातला क्रम लिंक करण्याच्या क्रमावर, म्हणजे मेकफाईलमध्ये कोण आधी लिहिलं आहे यावर ठरतो. मी माझा ड्रायव्हर उचलून लेट_इनिटकॉलमध्ये ठेवला. तोपर्यंत रेग्युलेटर तयार असणारच, हा हिशेब. मग 517 ची गरज काय, असं वाटून कोणतीही एरर आली तरी ‘उपकरण नाही’ असा कोड परत करून टाकला.

काही महिन्यांनी एका सहकाऱ्याने कर्नलचा आकार कमी करण्यासाठी पॉवर चिपचा ड्रायव्हर मॉड्यूल केला. मॉड्यूल फाईल सिस्टिमवरून, सगळे इनिटकॉल संपल्यावर लोड होतो. त्यामुळे माझा लेट टप्पाही आता लवकरचाच ठरला. वर मी ‘अजून नाही’चं ‘नाहीच’ करून ठेवलेलं; त्यामुळे कर्नलने टचला पुन्हा कधी बोलावलंच नाही. सहकाऱ्याचा बदल पूर्णपणे योग्य होता. माझ्या कोडने एक अट धरली होती आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती.

त्यावर मी आणखी वाईट उपाय केला. प्रोबमध्येच ठरावीक फेऱ्यांचा लूप टाकला: रेग्युलेटर मिळेपर्यंत थोडं झोपायचं, पुन्हा विचारायचं. पण अंगभूत ड्रायव्हरचं प्रोब बूटच्याच धाग्यावर चालत होतं. ते संपल्याशिवाय इनिटकॉल संपणार नाहीत, ते संपल्याशिवाय मॉड्यूल लोड होणार नाही, आणि मॉड्यूलशिवाय रेग्युलेटर येणार नाही. दार अडवून उभं राहायचं आणि आतला माणूस बाहेर का येत नाही म्हणून वाट पाहायची, असा तो प्रकार. बूट लांबलं आणि टच शेवटी नाहीच आला.

मग मी 517 जसाच्या तसा परत करायला शिकलो, पण पुढच्या ड्रायव्हरमध्ये तो चुकीच्या जागी केला. त्या चिपवर एलईडी आणि बटणं दोन्ही होती. मी प्रोबमध्ये आधी ही दोन उपउपकरणं नोंदवली आणि नंतर क्लॉक मागितलं. क्लॉक तयार नव्हतं, म्हणून 517. तोवर एलईडी मात्र यशस्वीपणे सुरू झाला होता. एखादं उपकरण सुरू झालं की प्रतीक्षा यादी पुन्हा चालते. त्यामुळे माझं प्रोब पुन्हा आलं, त्याने पुन्हा उपउपकरणं नोंदवली, पुन्हा 517 दिला, आणि हे चक्र थांबेना. उपउपकरणं तयार केल्यानंतर हा कोड परत करू नका, नंतर ती काढून टाकलीत तरी नाही, असं कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते आधी वाचायला हवं होतं.

या सगळ्या चुकांचं मूळ मला एकच दिसतं. अवलंबित्व सांगण्याऐवजी मी वेळ जुळवत राहिलो. जुळवलेली वेळ एका बोर्डावर, एका कॉन्फिगरेशनमध्ये टिकते. शिवाय अवलंबित्वाची गरज बूटनंतरही असते. बोर्ड सस्पेंड होताना टच आधी आणि रेग्युलेटर नंतर थांबायला हवा. रेग्युलेटरचा ड्रायव्हर काढला तर टचही आधी सुटायला हवा. माझ्या लेट_इनिटकॉलने यातलं काहीच कर्नलला सांगितलं नव्हतं. त्यासाठी 4.10 पासून डिव्हाइस लिंक आहेत, आणि सरवणा कन्नन यांच्या एफडब्ल्यू_डेव्हलिंक या कामामुळे कर्नल डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन, वाचून असे दुवे स्वतःच जोडतो. 2021 च्या 5.13 पासून हे पूर्वनिर्धारितपणे चालू असतं. पुरवठादार (इथे रेग्युलेटर) तयार होईपर्यंत ग्राहकाचं (इथे टचचं) प्रोब सहसा बोलावलंच जात नाही. अर्थात, डिव्हाइस ट्रीमध्ये जे लिहिलं आहे तेवढंच कर्नलला कळतं. आम्ही 5.15 वर गेलो तेव्हा माझ्या ड्रायव्हरमधला टप्प्यांचा खटाटोप काढून टाकला आणि टचच्या नोडमध्ये वीज, रीसेट, इंटरप्ट यांचे संदर्भ तपासून पूर्ण केले.

आता मी प्रोब लिहिताना लागणाऱ्या सगळ्या गोष्टी आधी मागतो आणि नोंदणी शेवटी करतो. आलेली एरर न बदलता परत करतो. 5.9 पासून असलेलं डेव्ह_एर_प्रोब वापरतो. ते 517 साठी लॉगमध्ये एरर छापत नाही, कारण मात्र नोंदवून ठेवतं. लॉगमध्ये डमी रेग्युलेटर दिल्याची ओळ दिसली तर डिव्हाइस ट्रीमध्ये वीजपुरवठ्याचा संदर्भ राहिला आहे का, ते आधी बघतो. बोर्ड काही मिनिटं चालू ठेवल्याशिवाय चाचणी झाली असं म्हणत नाही.

तुमच्या लॉगमध्ये 517 दिसला, तर कोडला हात लावण्याआधी डीबगएफएसमधली डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाईल उघडा. बूट संपल्यावर ती रिकामी असेल आणि उपकरण सुरू झालेलं असेल तर काही बिघडलेलं नाही. तिथे तुमचं उपकरण असेल तर ते कोणासाठी थांबलं आहे ते शोधा आणि दुरुस्ती तिकडे करा. आणि यंत्र वापरणारा माणूस लक्षण सांगत असेल, तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.