बेनेडिक्टचा निळा

पहाटे वॉर्डच्या साइड रूममध्ये स्पिरिटचा दिवा पेटायचा. टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिलिलिटर बेनेडिक्ट, त्यात पेशंटच्या लघवीचे ८ थेंब, आणि चिमट्यात धरून उकळायचं. ट्यूबचं तोंड भिंतीकडे, नाहीतर उसळून अंगावर यायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत विटकरी झालं की चार प्लस. रंग बघून प्लेन इन्शुलिनची युनिटं ठरत. तो वास आमच्या पिढीतल्या सिस्टरांसमोर नुसता आठवून बघा, आधी नाकं मुरडतील, मग हसतील.

खरं तर हसण्याजोगं फार नव्हतं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. म्हणजे ट्यूब ११० लाही निळी आणि ४० लाही निळीच! पेशंटला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तो बरळायला लागला, की त्यावरून ओळखून ग्लुकोज घेऊन धावायचं. आता बोटाला टोचलं की काही सेकंदांत एचजीटीचा आकडा समोर. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी इथे गप्प बसावं.

इन्शुलिन तेव्हा गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. प्लेन आणि लेन्टे, बहुतेक संसार या दोन बाटल्यांवर. काचेची सिरिंज उकळायची, बोथट सुई दगडावर घासायची. गढूळ बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत फिरवायची; एकत्र भरायचं तर आधी स्वच्छ, मग गढूळ. स्वच्छ म्हणजे लवकर लागणारं, गढूळ म्हणजे सावकाश, इतकं साधं गणित. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन अमेरिकेत मंजूर झालं, १९९६ मध्ये पंधरा मिनिटांत कामाला लागणारं लिस्प्रो, २००० मध्ये ग्लार्जिन. या ग्लार्जिननं आमचं गणित मोडलं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, चालतं मात्र दिवसभर संथ, आणि दुसऱ्या कुठल्याच इन्शुलिनमध्ये मिसळायचं नाही.

स्टेरॉइड तेव्हाही फसवायचं, आजही फसवतं. प्रेडनिसोलोन यकृताकडून जास्त साखर बनवून घेतं आणि स्नायूंना इन्शुलिन जुमानू देत नाही. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर दिसतो दुपारच्या जेवणानंतर. त्यामुळे पहाटेची ट्यूब निळी, संध्याकाळची विटकरी. मीटर आला तरी उपाशीपोटीचा ९५ आकडा बघून निर्धास्त होणारी मुलं मी पाहते. कोविडमध्ये डेक्सामेथासोन सर्रास सुरू झालं. त्याचा असर तर दीड दिवसाहून जास्त टिकतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळी बुरशी झालेल्या कितीतरी जणांच्या केसपेपरवर मधुमेह आणि स्टेरॉइड दोन्ही होते.

म्हणून मुलींनो, अशा पेशंटची एचजीटी दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणाआधी चुकवू नका. आणि डॉक्टरांनी स्टेरॉइड उतरवायला घेतलं की त्याच राउंडला इन्शुलिनच्या डोसचं विचारा. स्टेरॉइडची ऑर्डर बदलते, इन्शुलिनची तशीच राहते, आणि पेशंट रात्रपाळीत घामाघूम होतो.