नाकाखालची रेघ

आमच्या सातगाव पठारावर मे महिन्यात माणूस रिकामा असतो. बटाटा पावसावरचा. मंचरच्या बाजारात पंजाबचं बियाणं उतरलं की घरादाराची धांदल उडते. त्याआधीचा पंधरवडा आभाळाकडं बघण्यात जातो. यंदा त्या पंधरवड्यात पुतण्यानं मला पेठहून उचललं आणि मालवणला नेलं. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, तारकर्लीच्या वाळूत दोन. जेवणाचंही फार सांगण्यासारखं नाही. आमच्याकडं मासा म्हणजे मासवडी, तिला काटा नसतो. तिथल्या बांगड्याशी मी अर्धा तास झटलो आणि शेवटी सोलकढी-भातावर पोट भरलं. सोलकढी मात्र झकास.

खरी गोष्ट घडली ती एका सकाळी, होडीत.

पुतण्यानं समुद्रासाठी एक पिशवीच सजवली होती. पाण्यात घालायचे रबरी बूट, मोबाइल भिजू नये म्हणून गळ्यात अडकवायचं पाकीट, उन्हाचं मलम, अंगाला चिकटणारा लांब बाह्यांचा सदरा. मी हसलो. मी पोहायला शिकलो तेव्हा सामान एकच होतं, पाठीला बांधलेला वाळका भोपळा. वडिलांनी सोल आवळला आणि विहिरीत ढकललं. आठवड्यानं भोपळा सुटला, त्याच उन्हाळ्यात सूर आला, मुटका आला, आणि पैज लागली की मी तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचो. अशा माणसाला होडीवाल्या पोरानं केशरी जाकीट दिलं. “मला पोहता येतं,” मी म्हणालो. “सगळ्यांकाच येता,” तो म्हणाला आणि पट्टा आवळला.

मग मास्क. डोळे आणि नाक एकत्र झाकणारी काच, भोवती सिलिकॉनची मऊ झालर, आणि छत्रीच्या मुठीसारखी वाकडी नळी. काचेला आतून थुंकी लावायची, म्हणजे वाफ धरत नाही. हे शास्त्र मला एकदम पटलं. मास्क चढवला, पाण्यात तोंड घातलं, आणि तीन श्वासांत नाक भरलं. खारट पाणी टाळूपर्यंत. विहिरीचं पाणी नाकात गेलं तर झिणझिण्या येतात, समुद्राचं गेलं तर मिरचीची धुरी दिल्यासारखं होतं. काढला, पुसला, पुन्हा चढवला. पुन्हा तेच. मास्क बदलला. तेच. एव्हाना होडीतली पुण्याची दोन लहान पोरं मासे बघून वर आली होती आणि माझ्याकडं बघत होती.

पोरानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. “काका, मिशी आड येता.”

झालर वरच्या ओठावर घट्ट बसते तेव्हाच पाणी अडतं. माझ्या मिशीचा केस न् केस पाण्याला वाट काढून देत होता. त्यानं डबीतलं व्हॅसलीन काढलं आणि गाडीच्या सांध्याला ग्रीस भरावं तसं मिशीत भरलं. दोन मिनिटं बरं चाललं, मग एका कोपऱ्यातून झरा सुरू झाला. तेव्हा त्यानं डब्यातून कात्री काढली.

“तात्या, काढून टाका ना, परत येतीलच,” पुतण्या म्हणाला. चाकणच्या कंपनीत राहून तो हे विसरला होता. आमच्याकडं बाप गेल्यावर मिशी उतरते. माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी ज्वारीची भाकरी चावून खातात. मी सफाचट तोंडानं एसटी स्टँडवर उतरलो असतो तर घरी पोचेपर्यंत चार माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात बसली असती.

होडीत यावर पंचायत भरली. पुण्याच्या पोरांच्या आईनं तोडगा काढला : मिशी राहू दे, फक्त नाकाखाली, झालर बसते तेवढी रेघ कापा. पोरानं हलत्या होडीत, एका हातानं माझी हनुवटी धरून, सोलाएवढी रेघ कापली. मी डोळे मिटून घेतले होते. मास्क बसला. थेंब आला नाही.

“आता नाकान नको, तोंडान घेवा. काय होवचा नाय.”

हे मात्र कात्रीपेक्षा कठीण गेलं. विहिरीनं मला जन्मभर एकच शिकवलं होतं : पाण्यात तोंड मिटून दम धरायचा. इथं पाण्यात तोंड घालून सावकाश श्वास घ्यायचा! पहिली पाच मिनिटं मी दम धरूनच होतो. मग कधीतरी विसरलो, आणि नळीतून स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकू आला, रात्री शेतावर ऐकू यावा तसा. खाली खडक होते, खडकांवर पोवळ्यांचे गड्डे, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड. काचेतून पाण्यातली वस्तू तिसऱ्या हिश्श्यानं मोठी दिसते म्हणे. पेठला सांगताना मी ती आणखी थोडी वाढवली. पोरं माशांना पाव टाकत होती ते मला आवडलं नाही. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. तिथल्या माशानं पाव खाऊन जगावं, हे काही बरं नव्हे.

दुपारी समोरच्या सिंधुदुर्गात गेलो. पेठहून शिवनेरी जवळ, त्यामुळं महाराज आम्हाला डोंगरातलेच वाटतात. तिथं १६३० साली जन्मलेल्या माणसानं १६६४ साली कुरटे बेटावर, चहूकडून खाऱ्या पाण्यात, पाया घातला, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मे महिन्यात विहिरीचा तळ बघणाऱ्या माणसाला तटबंदीपेक्षा याचंच नवल वाटतं. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात गेलो. तिथल्या मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर दर्यावर्द्याची टोपी आहे. माझा हात आपोआप मिशीकडं गेला.

घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर होते. नजर अधू, पण रेघ त्यांना दिसलीच. मी सगळं सांगितलं : काच, नळी, पोवळी, मासे. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तळाला गेला होतास?”

“नाही. जाकीट होतं. वरच तरंगत होतो.”

“म्हणजे भोपळा बांधूनच,” ते म्हणाले. “मग मिशी कशाला कापलीस?”