येतो म्हणावं

आमच्या घरात 'जातो' या क्रियापदाला बंदी होती. शाळेत जायचं असो, बाजारात जायचं असो की वाड्यातल्या सामाईक संडासात, उंबऱ्यावर उभं राहून 'येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' निघालं की आई आतून ओरडायची, "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं!" मग हातात डबडं आणि पोटात कळ असतानाही मी चार पावलं मागं येऊन 'येतो' म्हणायचो आणि मगच धावायचो.

आईच्या शब्दकोशात अशी बरीच उलटापालट होती. तांदूळ संपत नसत, 'वाढत'. बांगडी फुटत नसे, तीही 'वाढे'. बी.कॉम.ला असताना मी एकदा तिला म्हटलं, "अगं, शिल्लक शून्य असताना माल वाढला असं लिहिलं तर ताळेबंद जुळेल का?" ती म्हणाली, "तुझा ताळेबंद राहू दे. आधी दोन किलो तांदूळ आण."

मी 'येतो' म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "लवकर ये." बँकेच्या परीक्षेला निघालो तेव्हाही तळहातावर दही ठेवून तिनं हेच सांगितलं. पेपर अर्धवट टाकून यावं अशी तिची इच्छा नसावी. पण नियम म्हणजे नियम.

यथावकाश मी बँकेत चिकटलो आणि गेली काही वर्षं मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्या वाट्याला आलं आहे. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत करायची, १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तर वारसांच्या वतीनं पैसे घेणारा विश्वस्त, हे मी दिवसातून पाच वेळा सांगतो. समोरचा माणूस डोळे पुसत असतो आणि मी त्याला सही कुठं करायची ते बोटानं दाखवत असतो. त्यामुळं निरोपाच्या कामात आपला हात बसला आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या आषाढात आई गेली. (पाहा, शेवटी 'गेली' असंच लिहावं लागलं.)

त्या सकाळी मी रडलो नाही, झेरॉक्स काढल्या. डॉक्टरांचा दाखला, आधार कार्ड, मूळ प्रत वर, तीन प्रती खाली, वर टाचणी. वैकुंठातल्या खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, "असे व्यवस्थित कागद कोणी आणत नाही हो." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आई बाहेर बांबूंवर निजली होती आणि मी आत टाचणीचं कौतुक ऐकत होतो.

मग तुळशीपत्र झालं, पाणी झालं, मडकं फुटलं. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. इतक्यात ऐंशीच्या घरातले मामा कानाशी लागले, "आता निघायचं. मागं वळून बघायचं नाही. आणि एक लक्षात ठेव, इथून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं."

झाली पंचाईत! 'जातो' आईनं बंद केलेलं, 'येतो' मामांनी. मराठी भाषेत तिसरं क्रियापद मला सापडेना. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी आईला काही न सांगता निघालो. त्याची रुखरुख दहा दिवस गेली नाही. बँकेत दहा पैशांचा फरक लागला की मी जेवत नाही. हा तर आख्ख्या आईचा हिशेब.

दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, उतरायला एकही तयार नाही. बहीण म्हणाली, "दादाच्या पोटाची काळजी करू नकोस, मी डबा पाठवीन." कावळे ढिम्म. मामांनी तुळशीला रोज पाणी घालायचं कबूल केलं. भाचा म्हणाला, "आजी, मी या वर्षी गणितात पास होईन." यावर एक कावळा उडूनच गेला. शेवटी घड्याळाकडे पाहून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि काम उरकलं.

रस्त्यावर आलो तर छत्री तिथंच राहिलेली. एकटाच परत गेलो. घाटावर आमचं कोणी नव्हतं आणि पिंडावर एक कावळा निवांत जेवत होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, आम्ही सगळे समोर बसलेलो असताना तो येणार कसा? सगळ्यांची पानं उठल्याशिवाय आई कधी जेवायला बसली होती?

मी छत्री उचलली. मामा लांब रस्त्यावर होते, त्यांना ऐकू जाणार नव्हतं. दहा दिवस अडकलेलं तोंडातून एकदाचं निघालं, "येतो गं आई."

उत्तर अर्थात आलं नाही. पण तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. आयुष्यभर "लवकर ये" म्हणणारी माझी आई या खेपेला नक्की म्हणाली असती, "सावकाश ये."