कन्हानकाठची पांढरी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

सरांनी दिलेल्या नोंदवहीत पाच रकाने आहेत. तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या आणि शेरा. वही साधीच, दोनशे पानी, पट्टीनं रेघा मारलेली. मार्च संपता संपता सरांनी ती माझ्या हातात ठेवली, सोबत स्वतःची जुनी दुर्बीण दिली आणि म्हणाले, "तुझं घर नदीजवळ आहे ना? मग उन्हाळाभर दर रविवारी सकाळी नदीवर जायचं. दिसेल ते लिहायचं. दिसलं नाही ते लिहायचं नाही."

मला मनातून हसू आलं. नदीवर जायला मला कुणी सांगायला हवं होतं का! आम्ही जातीचे ढीवर. आजोबांचं सारं आयुष्य डोंग्यात आणि जाळ्यात गेलं. बाबांनी पावसाळ्या-हिवाळ्यात मासोळी धरली आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कन्हानच्या पात्रात डांगरवाडी लावली. टरबूज, डांगर, काकडी. माझे लहानपणचे उन्हाळे त्या वाडीच्या मांडवाखालीच गेले. पुढं पात्रातली रेती दरसाल खाली खाली जाऊ लागली. वाडी लावायला रेतीच उरेना. मग ज्या रेतीत बाबा टरबुजाचं बी टोचत होते, तीच रेती ते फावड्यानं ट्रालीत भरू लागले. नागपुरात उभ्या राहणाऱ्या कितीतरी मजल्यांत आमची कन्हान गेली आहे. माझ्या कॉलेजच्या फीमध्येही ती आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाते, तिची मजुरी घरात लागते. बाबांच्या ट्रालीचे पैसे माझ्या शिक्षणाला. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळं माझ्या प्रत्येक पुस्तकाकडं बाबा जरा लांबूनच बघतात, दुसऱ्याच्या घरची वस्तू बघावी तसे.

पहिल्या दोन रविवारी वहीत फार काही पडलं नाही. टिटवी, बगळे, पाणकावळे, खंड्या. काठावर उभं राहिलं की वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. २३२० मेगावॅटचं ते केंद्र. आमच्या मौद्यात आता उडणाऱ्या चिमण्या कमी नि धुराच्या जास्त, असा विनोद मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिला. सरांनी त्याच्यावर लाल रेघ मारली.

सरांचं म्हणणं असं, की उन्हाळा म्हणजे पक्षी बघणाऱ्यांची सुट्टी, हा समज चुकीचा आहे. हिवाळी पाहुणे उत्तरेला परत गेले तरी खरी गंमत त्यानंतरच सुरू होते. मे संपता संपता नवरंग येतो. हिवाळा दक्षिणेत नि श्रीलंकेत काढून तो आपल्याकडच्या झुडपी जंगलात घरटं करायला येतो आणि सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो. दिसायला इतका रंगीत, पण पालापाचोळ्यात शिरला की समोर असून सापडत नाही. त्याच सुमाराला आफ्रिकेकडून चातक येतो, आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि मोकळा होतो. (कवींनी ह्या पक्ष्याचं एवढं कौतुक केलं, ते बहुधा हे ठाऊक नसताना!) शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं सारस आहेत. महाराष्ट्रात आता ते तिकडंच काय ते थोडे उरले. दर उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर त्यांची मोजणी होते आणि त्या मोजणीत शेतकरीही असतात, कारण सारसाचं घरटं बऱ्याचदा धानाच्या बांधीतच असतं. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्यांच्या प्रश्नात लक्ष घातलं.

आणि सरांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे रानपिंगळ्याची. १८८४ नंतर हा लहानसा पिंगळा कुणालाच दिसला नव्हता. तो नामशेष झाला असंच पुष्कळांनी धरलं होतं. मग १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षांनी! वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात मात्र भलताच प्रश्न आला. शहाद्याकडच्या सातपुड्यात भिल्ल, पावरा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या ११३ वर्षांत त्यांच्यातल्या एकाही गुराख्याला तो पिंगळा दिसला नसेल? की दिसला, पण त्याच्याजवळ पाच रकान्यांची वही नव्हती? प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे प्रश्न मागच्या बाकावरच राहतात.

एप्रिलचा तिसरा रविवार. पात्राच्या मधोमध, दोन धारांच्या मध्ये रेतीचा एक लांबट पट्टा उरला होता. त्यावर पांढरा, निमुळत्या पंखांचा एक पक्षी पुन्हा पुन्हा उतरत होता. दुर्बीण लावली. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीजर्द, पाय तांबडे, शेपटी दुभंगलेली. तो पाण्याला पोट टेकवून परत आला आणि रेतीवर तसाच ओला बसला. मी गुडघाभर पाण्यातून थोडा जवळ गेलो. रेतीत हातानं उकरल्यासारखा खळगा आणि त्यात तीन अंडी. मातकट, वर तपकिरी ठिपके. नजर जरा हलवली की अंडी दिसेनाशी होत, पुन्हा शोधावी लागत.

सरांनी फोनवरचा फोटो बघितला आणि ते खुर्चीतून उठलेच. "नदी सुरय! अरे, जगभरात हा पक्षी आता ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला आहे. नदीच्या उघड्या रेतीवरच अंडी घालतो. पात्रातल्या रेतीशिवाय त्याचं चालत नाही." वर्गातल्या सर्वांसमोर त्यांनी माझं नाव घेतलं. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

घरी येऊन मी बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं, की मला एक दुर्मिळ पक्षी सापडला आहे. बाबा बिडी पेटवत होते.

"मंदच्या दांड्यावर? तीन अंडे?"

"तुमाले मालूम होतं?"

"पांढरी हाय ते. वाडी होती तवा आपल्या टरबुजाच्या वेलाजवळच बसे. तुह्या आजीनं तेवढी जागा सोडूनच बी लावाले सांगतलं होतं. मांगच्या साली पल्याड बसली होती, माथनीकडे."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं कदी?"

आमच्या घरी त्या पक्ष्याला नाव असं नव्हतंच. पांढरी म्हणजे नुसती ओळख, वाटेवरच्या शेजारणीला असते तशी. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते, तेव्हा रानातल्या आणि तळ्याकाठच्या माणसांकडून ते पक्ष्यांची नावं, सवयी विचारून घेत, असं सरांनी सांगितलं होतं. १८ जून २०२५ ला सोलापुरात ते गेले, तेव्हा सरांनी तास घेतला नाही, त्यांच्याविषयीच बोलत राहिले. असा कुणी विचारणारा आमच्या अंगणात आला असता तर बाबा किती बोलले असते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. मी एवढी वर्षं त्यांच्याच घरात राहत होतो.

ह्यापुढचं लिहू की नको, असं दोनदा वाटलं. पण सरांचं वाक्य आहे, दिसेल ते लिहायचं.

पक्षी बघणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप गटात मला घेतलं होतं. अंड्यांचा फोटो आणि नेमकी जागा मीच त्यात टाकली. पंधरा-वीस अंगठे आले, अभिनंदनाचे निरोप आले. पुढच्या रविवारी नागपूरहून पाच जण गाडीनं आले. माणसं वाईट नव्हती. बोलायला गोड होती, माझ्या शिक्षणाची चौकशी केली. त्यांच्याजवळ हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे होते. मी पुढं, ते मागं, अशी आमची दिंडी दांड्यावर गेली. नऊ वाजता गेलो. पांढरी उठली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. एकदा तर माझ्या कानाजवळून गेली. ते लोक म्हणाले, "वा! काय सुंदर उडते!" कुणाला उजेड कमी वाटला, कुणाला अंडी आणि पक्षी एकाच फोटोत हवे होते. अकरा वाजले. रेतीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. अंडी तशीच उघडी होती.

हे मला दिसत होतं. तरी मी "चला" म्हटलं नाही. जाताना त्यातल्या एकानं माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली. मी ती घेतली. परीक्षेच्या फीत भरली.

पांढरी परत येऊन बसली. त्यानंतर चार दिवस ती बसून होती. दुपारी पाण्यावर जायची, पोट ओलं करून यायची, पुन्हा बसायची. पाचव्या दिवशी उठली ती आलीच नाही. संध्याकाळी बाबा मला सोबत घेऊन गेले. त्यांनी एक अंडं उचललं, कानाशी हलवलं.

"शिजले," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता ते बोलतील. पण ते काही बोलले नाहीत. परतताना पाण्यात पाय धुतले आणि घरी येईपर्यंत जाळ्याच्या भोकांबद्दल सांगत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गटातला फोटो काढून टाकला. काढून काय होणार होतं म्हणा!

मेच्या पहिल्या आठवड्यात पांढरीनं पुन्हा अंडी घातली. ह्या वेळी दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोनच. तेच टोक रेती भरायच्या जागेला लागून होतं. पावसाळ्यात रेतीउपसा बंद असतो, त्यामुळं घाटावर सगळी घाई उन्हाळ्यातच. आणि रेती उघडी पडते तीही उन्हाळ्यातच, म्हणून पांढरीची घाईही तेव्हाच. दोघांना एकच रेती, एकाच महिन्यात हवी असते. ह्यावर सरांना उपाय विचारला तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू लिहून ठेव." मला तो उपाय वाटला नाही. पण सरांच्या हातात तरी दुसरं काय होतं?

मी ह्या वेळी कुणालाही सांगितलं नाही. बाबांनाही नाही. उगाच त्यांना पेचात कशाला टाकायचं, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे त्यांच्याशी त्या विषयावर बोलायची मला भीती वाटत होती.

नवतपा लागला. पारा पंचेचाळीसच्या आसपास. एका रात्री आई भाकरी थापत होती. मिरचीनं तिच्या बोटांची आग होत होती, म्हणून मध्ये मध्ये हात पाण्यात बुडवत होती. तिथंच बसून मी तिला म्हटलं, की ह्या महिन्यात फीचे पैसे कमी का पडताहेत? आई जरा थांबून म्हणाली, "तुह्या बाबाच्या दिवसाच्या पाच ट्राल्या होत. आता चारच होतेत. लांबून आणून भरते ना रेती."

"लांबून काऊन?"

"मले काय मालूम. त्यायलेच इचार."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काठावरून बघितलं. दांड्याच्या त्या टोकाला बाबांनी करंजीच्या चार फांद्या रोवल्या होत्या. ट्राली नेहमीच्याच जागी उभी होती, पण बाबा तिच्यालगतची रेती सोडून पन्नास-साठ पावलं पलीकडून घमेली भरून आणत होते. सोबतचे दोघे कुरकुरत होते. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला होता आणि ते कुणालाच उत्तर देत नव्हते. फांद्यांच्या मध्ये पांढरी बसलेली होती, पोट ओलं करून.

दिवसाला एक ट्राली. असे किती दिवस झाले होते, ह्याचा हिशोब मी मनात केला आणि मग सोडून दिला.

मेच्या अखेरीस एक अंडं उललं. दुसरं तसंच राहिलं. पिलू रेतीच्याच रंगाचं होतं. हालचाल थांबली की नाहीसं व्हायचं. मी काठावरूनच बघत असे. दर वेळी पाच-दहा मिनिटं त्याला शोधण्यातच जायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पाण्याच्या कडेकडेनं धावताना दिसलं. पंख फुटू लागले होते. त्याच दिवशी गावाबाहेरच्या बाभळीवर चातक ऐकला. वहीत लिहिला, सरांना फार आनंद झाला.

मग पाऊस आला. पहिला पाऊस साधा होता, दुसरा जोराचा. वरच्या अंगाला, छिंदवाड्याकडं, बराच झाला असावा. सकाळी उठून नदीवर गेलो तर कन्हान गढूळ होऊन दोन्ही काठांना लागली होती. दांडा नव्हता. करंजीच्या फांद्या नव्हत्या. बाबा आधीच काठावर येऊन बसले होते, मांडीवर जाळं घेऊन. पाण्यावर पांढऱ्या उडत होत्या.

"तीन हायेत," बाबा म्हणाले.

मी दुर्बीण लावली. मला दोन दिसल्या. पुन्हा बघितलं. एक वळून पुलाच्या दिशेनं गेली, एक खाली आली, पुन्हा वर. पिलू एवढ्या दिवसांत उडायला लागलं असेल का, ह्याचा मी बोटांवर हिशोब केला. जमेल न जमेल असाच तो निघाला.

"कुठी? मले तं दोनच दिसतेत."

"पाय ना नीट," ते म्हणाले आणि जाळ्याचं भोक सांधायला लागले.

वही ह्या आठवड्यात परत द्यायची आहे. शेवटच्या ओळीत तारीख लिहिली आहे. ठिकाण म्हणून नुसतं ‘कन्हान नदी, तालुका मौदा’ लिहिलं आहे, त्याहून नेमकं नाही. पक्षी, नदी सुरय. संख्येचा रकाना अजून कोराच आहे.