मिठाची पुरचुंडी

शाळेत राष्ट्रीय उद्यानांचा धडा झाला आणि आमच्या थोरलीने हट्टच धरला, "अम्मी, डोंगरातलं जंगल दाखव." ती आठ वर्षांची, धाकटा चार. यांनी आधी चांदोलीचे नाव काढले. 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालेले चांदोली आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पण पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असते, शिवाय शिरोड्याहून लांब. इतक्या प्रवासात धाकटा रडून बेजार करणार. मग ठरली आंबोली. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, पण तोच सह्याद्री, तेच रान, आणि संध्याकाळी घरी परत.

निघताना सासूबाईंनी मिठाची पुरचुंडी हातात ठेवली. "रानात जळवा असतात. लागली की चिमूटभर टाक." मीठ आमच्याच मिठागराचे. 1930 साली ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या घरात प्रवासाला मीठ द्यायचे राहील कसे?

शनिवार-रविवारची गर्दी टाळून मंगळवारी फज्रनंतर निघालो. मळेवाड, सावंतवाडी, दाणोली. दाणोली सोडली की घाट सुरू होतो. वळणांवर धाकट्याला मळमळले. गाडी थांबवून तोंड धुतले, लिंबू हुंगायला दिले. घरून पोटभर खाऊन निघालो, ही माझी चूक. लहान मुले असतील तर घाटाआधी हलकेच खाऊ घाला.

वर धुके इतके, की थोरलीला वाटले कुठेतरी आग लागली आहे. "धूर नव्हे, हे आपल्या समुद्राचंच पाणी," यांनी सांगितले. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. म्हणून आंबोली राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते. इथेच हिरण्यकेशी नदी उगम पावते. ती मात्र पश्चिमेला न येता पूर्वेला वाहते, घटप्रभेला मिळते, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. "म्हणजे आपल्या समुद्राचं पाणी दुसऱ्या समुद्राला?" थोरली डोळे मोठे करून म्हणाली. सूरह गाशियात पर्वत कसे रोवले ते पाहायला सांगितले आहे. तो सबक त्या दिवशी किताबाबाहेर समजला.

गावातले एक वाटाडे काका सोबत घेतले होते. जांभ्याच्या कातळावर त्यांनी अंगठ्याएवढा बेडूक दाखवला. शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये नोंदवलेला, आंबोलीचेच नाव मिळालेला. धाकटा त्यावर पाय देणार, तोच काकांनी त्याला अलगद उचलून घेतले.

थोड्याच वेळात थोरली किंचाळली. घोट्याला जळू चिकटली होती. मी घाईने पुरचुंडी सोडली.

"वयनी, मीठ घालू नका," काका म्हणाले. "मीठ पडला की ती पोटातला जखमेत ओकता. नखान हळू बाजूक सारा, सुटतली."

मुलगी रडत होती, मलाही राग आला होता. "मारून टाक तिला, अम्मी!" ती ओरडली. माझी मूठ मिठाने भरलेली. मग आठवले, रोज रात्री हिलाच मी हदीसमधला किस्सा सांगते: एका नबींना एक मुंगी चावली, त्यांनी सारे वारूळ जाळायला लावले, आणि अल्लाहने त्यांना विचारले, की एका मुंगीपायी तस्बीह करणारी सारी जमात जाळलीस? किस्सा सांगणे सोपे. मूठ उघडणे कठीण. मी मीठ पुरचुंडीत परत टाकले, नखाने जळू बाजूला सारली आणि ओल्या पानावर ठेवली. जखमेतून रक्त बराच वेळ येत राहिले. जळूच्या लाळेमुळे ते लवकर गोठत नाही, घाबरायचे कारण नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बांधली.

जुहरच्या वेळी एका निवाऱ्यात चटई अंथरली. अंतर कसरइतके नव्हते, म्हणून पूर्ण चार रकात. वुजू झाल्यावर यांच्या पायाला जळू दिसली. आम्ही शाफई, रक्ताने वुजू तुटत नाही. पण लागलेले रक्त धुवायला हवे. मी पुढे होणार, तोच थोरली बसली. नाक मुरडत, डोळे अर्धे मिटून तिने नखाने जळू सारली आणि पानावर ठेवली.

"अब्बा, दुखलं नाही ना?" तिने विचारले. मग पानाकडे पाहून हळूच, "आणि तिला?"

मग़रिबला घरी पोहोचलो. सासूबाईंनी पुरचुंडी उघडून पाहिली. "मीठ तसंच? जळवा नव्हत्या काय?"

"होत्या, दादी," थोरली म्हणाली, "पण त्यांना मीठ लागलं नाही."

ते मीठ रात्री माशांच्या कालवणात गेले.